मेमरीचा वेग आणि रेणापूरचा उन्हाळा

लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे रेणा नदीच्या काठचे, रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे तालुक्याचे गाव असून, अशा गावातील संगणकाचे आयुष्य पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयातील संगणकापेक्षा निराळ्या परिस्थितीत जाते. सेवा केंद्रातील दाखले, शाळेतील निकालपत्रके, पतसंस्थेतील खतावणी आणि एमएस-सीआयटीचा सराव ही कामे बहुधा असेंबल केलेल्या, म्हणजे सुटे भाग घेऊन दुकानदाराने जोडून दिलेल्या यंत्रांवर चालतात. वर छताचा पंखा असतो, वीज येत-जात असते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नवे यंत्र घेण्याइतके पैसे हाताशी नसतात, तेव्हा आहे त्याच यंत्राकडून अधिक काम कसे घ्यावे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे एक उत्तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी यंत्र जागे करणाऱ्या मूळ प्रणालीत, मेमरीचा वेग हाताने ठरवण्यात आहे. त्याविषयी उपलब्ध असलेला बहुतेक सल्ला मात्र थंड हवामानात राहणाऱ्या हौशी लोकांनी दिलेला आहे, आणि तो मराठवाड्यात जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

आजच्या संगणकातील रॅम ज्या तत्त्वावर चालते, ते आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी मांडले आणि त्याचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर एवढ्यावर एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, साठवता येतो, ही त्यातील कल्पना होय. रचना इतकी साधी असल्यामुळे मेमरी स्वस्त झाली. परंतु कपॅसिटरमधील भार सतत गळत असल्याने तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो, आणि या पुनर्भरणाला रिफ्रेश म्हणतात. भार गळतो ही एकच गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचे सारे आकडे समजतात.

मेमरीतील बिट ओळी आणि स्तंभ यांच्या जाळीत मांडलेले असतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एखादी नोंद शोधायची तर आधी योग्य गठ्ठा सोडावा लागतो, मग त्यातील पान काढावे लागते आणि दुसरा गठ्ठा सोडण्यापूर्वी पहिला बांधून ठेवावा लागतो, तसाच क्रम येथेही असतो. ओळ उघडल्यापासून स्तंभ मागता येईपर्यंतचा अवधी म्हणजे टीआरसीडी, स्तंभ मागितल्यापासून माहिती हाती येईपर्यंतचा अवधी म्हणजे सीएल, ओळ बंद करून पुढच्या ओळीची तयारी होण्याचा अवधी म्हणजे टीआरपी, आणि एकदा उघडलेली ओळ किमान जितका वेळ उघडी ठेवावी लागते तो टीआरएएस. रॅमच्या पट्टीवर १६-१८-१८-३८ असे जे चार आकडे छापलेले दिसतात, ते साधारणपणे हेच अवधी, म्हणजे मेमरीचे टाइमिंग, होत.

हे अवधी सेकंदात नव्हे, तर मेमरीच्या घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेले असतात, आणि ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते. ३२०० वेगाच्या डीडीआर४ मेमरीचे घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. तिचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा असतो. म्हणून ३२०० वेग आणि सीएल १६ असलेली पट्टी १० नॅनोसेकंदांत उत्तर देते, त्याच वेगाची सीएल २२ असलेली पट्टी १३.७५ नॅनोसेकंद घेते, तर २४०० वेग आणि सीएल १७ असलेल्या पट्टीला सुमारे १४.२ नॅनोसेकंद लागतात. नुसता वेग किंवा नुसता सीएल पाहून मेमरीची पारख होत नाही.

प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची छोटी चिप असते आणि तिच्यात पट्टीचे सुरक्षित आकडे नोंदलेले असतात. बायोस सुरुवातीला तेच वाचते. त्यामुळे खोक्यावर ३२०० छापलेली पट्टीसुद्धा अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच वर्षानुवर्षे चालत राहते. जाहिरातीतला वेग मिळवण्यासाठी इंटेलने २००७ मध्ये आणलेले एक्सएमपी किंवा एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी आणलेले एक्सपो हे प्रोफाइल बायोसमध्ये स्वतः चालू करावे लागते. इंटेलच्या एच६१० सारख्या स्वस्त चिपसेटवर प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे मेमरी नेता येत नाही. तेथे महाग पट्टी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. एकच पट्टी बसवलेल्या यंत्रात तर टाइमिंगशी झटण्याआधी तशीच दुसरी पट्टी बसवावी, कारण ३२०० वेगाला सेकंदाला २५.६ गिगाबाइट असलेली वहनक्षमता दोन चॅनलमुळे ५१.२ होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्राला, विशेषतः एएमडीच्या रायझेन प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सला, याचा मोठा लाभ होतो. सरकारी संकेतस्थळ संथ असेल तर मात्र यातला कोणताही उपाय चालणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

रेणापूरच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग रिफ्रेशचा आहे. डीडीआर४ च्या मानकानुसार मेमरी चिप ८५ अंश सेल्सिअसपर्यंत असताना सर्व ओळी ६४ मिलिसेकंदांत एकदा ताज्या कराव्या लागतात आणि त्यासाठी सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक आदेश जातो. ८५ च्या वर तापमान गेले की तोच अवधी निम्मा करावा लागतो, कारण उष्णतेत भार झपाट्याने गळतो. टीआरईएफआय हा आकडा लागोपाठच्या दोन रिफ्रेश आदेशांमधील अवधी ठरवतो. तो वाढवला की मेमरीला कामासाठी अधिक वेळ मिळतो आणि चाचणीतले गुण वाढतात, म्हणून हौशी मंडळी तो कितीतरी पट वाढवतात. डिसेंबरच्या थंडीत निर्दोष ठरलेला असा आकडा मे महिन्यात, धुळीने भरलेल्या खोक्यात, निर्दोष राहील याची हमी नसते. मराठवाड्यात टीआरईएफआयला हात लावू नये, आणि व्होल्टेजही प्रोफाइलमध्ये दिलेल्या १.३५ च्या पुढे नेऊ नये.

यंत्र बंद पडले तर निदान दोष कळतो. न कळता बदललेला बिट अधिक घातक असतो. युनिकोडमध्ये देवनागरी १ आणि ९ यांच्यात केवळ एका बिटाचा फरक आहे, म्हणजे खतावणीतील एका बिटाच्या चुकीने एकाचे नऊ होऊ शकतात आणि यंत्र कुरकूरही करत नाही. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या. त्यात तापमानाचा प्रभाव अल्प दिसला, पण ती यंत्रे नियंत्रित हवेतली होती, हे विसरता येत नाही. सर्व्हरमध्ये चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते, आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकाला द्रवाने थंड ठेवण्याची सोय आहे. तालुक्याच्या गावातील साध्या यंत्राला यांपैकी काहीच नसते.

म्हणून बदल करण्यापूर्वी बायोसच्या पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, एका वेळी एकच आकडा बदलावा आणि मेमटेस्ट८६ सारखी चाचणी पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावी. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणावा. यंत्र सुरूच झाले नाही तर वीज काढून मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा सेल काही मिनिटे बाजूला ठेवावा, म्हणजे बहुतेक मदरबोर्ड मूळ आकड्यांवर परततात. ज्या कार्यालयात रात्री मुख्य स्विच बंद होतो तेथे हा सेल लवकर झिजतो, आणि तो संपला की अनेक यंत्रांत तारीख चुकते व हाताने ठरवलेला वेगही पुसला जातो. हिशेबाच्या यंत्रात पट्टीवर छापलेल्या वेगाच्या पुढे जाऊ नये, आणि हिवाळ्यात उत्तीर्ण झालेली सेटिंग मे महिन्यातल्या भर दुपारी पुन्हा तपासल्याशिवाय कायम करू नये.