खताच्या ढिगातली बुरशी आणि आपलं रक्त

ताईंनो, कंपोस्टचा ढीग उलटताना राखाडी-हिरवी पूड उडते ना, ती नुसती माती नसते. त्यात बुरशीचं बी असतं. ॲस्परजिलस फ्युमिगेटस हे त्या बुरशीचं नाव. ढीग आतून ५० अंश तापला तरी ती मजेत वाढते.

ही बुरशी एक प्रथिन बाहेर सोडते, ॲस्प-हिमोलायसिन. हिमो म्हणजे रक्त, लायसिन म्हणजे फोडणारं. ते लाल रक्तपेशीच्या पातळ पडद्यावर हल्ला करतं, पडदा फाटतो आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. पाण्याच्या फुग्याला टाचणी लागावी तसं. प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसतं.

मग बैठकीत विचारतात, "माझं एचबी ८ आलं ते यामुळेच का?" नाही हो. आपल्याकडे त्याचं मोठं कारण लोहाची कमतरता. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या सोडू नका. शिवाय, या विषाचं जनुक काढून टाकलेली बुरशी उंदरांना दिली, तरी ते तितकेच आजारी पडले. एकट्या या विषावर सगळं खापर फोडता येत नाही.

खरी काळजी फुप्फुसांची. हे बी इतकं बारीक की श्वासाबरोबर खोलवर जातं. धडधाकट शरीर ते निपटतं. पण दमा आहे, पूर्वी टीबी झालाय, स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू आहेत, अशा बाईने ढीग उलटायला जाऊच नये. गटाने तिला दुसरं काम द्यावं. बाकीच्यांनी आधी ढिगावर पाणी शिंपडा, वारा पाठीवर घ्या, एन-९५ मास्क लावा. पदर पुरत नाही. आणि खोकल्यातून रक्त पडलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, खताचं काम करता हेही डॉक्टरांना सांगा.