सनद आणि जन्मसिद्ध हक्क
अमेरिकन स्वराज्याचीं दोन मुळें व महाराष्ट्रांतील त्यांचे अंकुर

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस हें सांगावयास नको कीं, आपल्या जुन्या समाजांत हक्क म्हणजे बहुधा कागद. अमुक यजमान कोणत्या घराण्याचा, हें ठरावयाचें तें त्याच्या पूर्वजाच्या हातच्या लेखावरून. गांवगाड्यांतहि तीच रीत. वतनाचा तंटा पडला म्हणजे गोत बसावें, साक्षी व्हाव्या, महजर लिहिला जावा, आणि खालीं पाटलाचा नांगर, वाण्याची तराजू अशा निशाण्या उमटाव्या. असे महजर ज्यांच्या दप्तरांत आहेत, त्या वाचकांस अमेरिकेच्या स्वराज्याची कुळकथा फारशी परकी वाटूं नये. कारण तिचाहि आरंभ सनदेपासूनच होतो.

इ.स. १६०६ मध्यें इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें व्हर्जिनियाच्या वसाहतीस सनद दिली. तेथें जाणाऱ्या लोकांस व त्यांच्या संततीस, जणू तीं सर्व इंग्लंडांतच जन्मलीं आहेत, असे समजून सर्व हक्क असावे, असें तींत कलम आहे. आपल्या सनदांतील ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’ या शब्दांचें हें सख्खें भावंड होय. १६१९ मध्यें जेम्सटाऊन येथें वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. १६३० मध्यें मॅसॅच्युसेट्सला जे लोक निघाले, ते मूळ सनदच जहाजावर घेऊन गेले. कागद हातीं तर कारभार हातीं, हें त्यांनीं पक्कें ओळखलें होतें. १६८४ मध्यें इंग्लंडच्या न्यायालयानें ती सनद रद्द ठरविली. कनेक्टिकटची कथा तर संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी अशी आहे. १६८७ मध्यें राजानें नेमलेला गव्हर्नर अँड्रॉस तेथील सनद ताब्यांत घेण्यास हार्टफर्डला आला. वाटाघाट चालू असतां एकाएकीं मेणबत्त्या विझल्या, आणि तेवढ्यांत कोणीं सनद पळवून एका ओक वृक्षाच्या ढोलींत लपविली, असें सांगतात. दंतकथेस दंतकथेइतकेंच वजन द्यावें. परंतु तो वृक्ष १८५६ च्या वादळांत उन्मळून पडेपर्यंत लोक त्यास मान देत आले, एवढें खरें.

करासंबंधींचा वादहि याच थाटाचा. राज्याच्या संमतीवांचून राजानें कर घेऊं नये हें तत्त्व इंग्लंडांत १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून मोठ्या कष्टानें वाढत आलें, व १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें तें पार्लमेंटच्या हातीं पक्कें झालें. १७६५ मध्यें पार्लमेंटनें वसाहतींतील दस्तऐवज, वृत्तपत्रें, फार काय खेळण्याचे पत्ते यांवरहि स्टॅम्पाचा कर बसविला, तेव्हां वसाहतवाल्यांनीं उत्तर केलें कीं, पार्लमेंटांत आमचा प्रतिनिधि नाहीं, सबब तिची संमति ती आमची संमति नव्हे. यांत बंडखोराची भाषा नाहीं. वहिवाट मोडली म्हणून दाद मागणाऱ्या वतनदाराची आहे. पुढच्याच वर्षीं तो कर उठला, पण वाद मिटला नाहीं.

मात्र सनदेंत एक उणीव असते. जो देतो तोच काढूनहि घेतो. येथें दुसरें मूळ उपयोगी पडलें. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें राज्यकारभारावरील आपल्या दोन निबंधांत (छापील साल १६९०) असें मांडलें होतें कीं, मनुष्याचे हक्क राजाच्या आधींचे आहेत. सरकार ही प्रजेनें विश्वासानें सोंपविलेली ठेव आहे, आणि विश्वासघात झाल्यास ती परत घेतां येते. माँतेस्क्य या फ्रेंच पंडितानें १७४८ मध्यें कायदे करणें, ते अमलांत आणणें व न्याय देणें या सत्ता निरनिराळ्या हातीं असाव्या असें प्रतिपादिलें. टॉमस पेन १७७४ मध्यें इंग्लंडाहून अमेरिकेंत आला आणि १७७६ च्या जानेवारींत त्यानें हे विचार बाजारांतल्या माणसास समजेल अशा भाषेंत आणले. त्याच सालीं मार्चांत इकडे पुरंदरचा तह झाला, व ४ जुलै रोजीं तिकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्याचा मोठा भाग राजाविरुद्ध तक्रारींची जंत्रीच आहे, अगदीं जुन्या इंग्रजी अर्जाच्या घाटाची. परंतु आरंभीं हक्काचा आधार सनद न सांगतां जन्म सांगितला आहे.

जन्म कोणाचा, हा प्रश्न मात्र राहिला. ज्या १६१९ सालीं जेम्सटाऊनला सभा भरली, त्याच सालीं व्हर्जिनियांत आफ्रिकेंतून धरून आणलेले लोक उतरविले गेले होते. १७८७ च्या राज्यघटनेनें प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब धरला. गुलामगिरी कायद्यानें संपली ती १८६५ मध्यें.

महाराष्ट्रांत हीं दोन मुळें दोन निरनिराळ्या हातांनीं लागलीं. गोपाळ हरि देशमुख, जे पुढें नाशिकास न्यायाधीश होते, यांनीं १८४८ ते १८५० या काळांत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत ‘लोकहितवादी’ या नांवानें शतपत्रें लिहिलीं. तींत हिंदुस्थानास पार्लमेंट असावें अशी मागणी आहे. आणि लोक शहाणे झाल्यावर इंग्रजांनीं जुलूम केल्यास अमेरिकेंत झालें तसें येथें होईल, असेंहि भाकित आहे. पेशवाई जाऊन तीस वर्षें झालीं होतीं, व लिहिणारा पंचविशींतला सरकारी नोकर होता. त्याचा सगळा युक्तिवाद प्रतिनिधींचा व कारभाराचा, म्हणजे पहिल्या मुळाचा.

जोतीराव फुले यांनीं पेन वाचला होता. १८७३ मध्यें त्यांनीं ‘गुलामगिरी’ छापली, ती अमेरिकेंतील लोकांस अर्पण केली. पण कर नाकारल्याबद्दल नव्हे, तर गुलाम मुक्त केल्याबद्दल. ज्याच्या घरीं सनदच कधीं आली नाहीं, त्यानें वतनाच्या न्यायानें काय मागावें? आमच्या मतें अमेरिकेचा इतिहास त्यांनीं लोकहितवादींहून अधिक खोल वाचला.

नाशिकांतच २ मार्च १९३० रोजीं हा वाद काळाराम मंदिराच्या दाराशीं येऊन ठेपला. डॉ. आंबेडकर व भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रही दाराबाहेर होते. आंतल्यांचा आधार वहिवाट, बाहेरच्यांचा माणूसपण. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले होते, हें येथें ध्यानांत घ्यावें. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली.

संग्राहकांस एवढीच सूचना कीं, जुन्नरी कागदावरील महजर शतकें टिकतो, पण छापखान्याचा स्वस्त कागद घडीवर तुटतो. त्या सत्याग्रहाचीं हस्तपत्रकें किंवा ‘प्रभाकरा’चे सुटे अंक कोणाच्या दप्तरांत असल्यास ते रद्दींत न घालतां, घडी उलगडून, सपाट पुठ्ठ्यांत महजरांशेजारींच ठेवावे.