कामुरोचोचा सातबारा

५ जानेवारी २०२४ रोजी मुंबईत एक लिलाव झाला. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या मुंबके गावी दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाची जमीन होती. सरकारने ती तस्करांची मालमत्ता जप्त करणाऱ्या सफेमा कायद्याखाली ताब्यात घेतली होती आणि तिचे चार तुकडे विकायला काढले होते. त्यातला सर्वांत लहान तुकडा सुमारे १७१ चौरस मीटरचा, म्हणजे पुरता पावणेदोन गुंठेही नाही. राखीव किंमत १५,४४० रुपये. बोली गेली दोन कोटींच्या वर.

अशाच एवढ्याशा तुकड्यावर एका जपानी व्हिडिओ गेमचे अख्खे कथानक उभे आहे. गेमचे नाव ‘याकुझा झिरो’, साल २०१५. कथेचा काळ डिसेंबर १९८८, जपानमध्ये जमिनीचे भाव आभाळाला टेकले होते तेव्हाचा. टोक्योच्या कामुरोचो या वस्तीचा पुनर्विकास व्हायचा आहे. सगळ्या जागा हाती आल्यात. इमारतींच्या पाठी अडकलेली, कचऱ्याने भरलेली एक रिकामी जागा तेवढी राहिली आहे. डोजिमा टोळीचे तीन सरदार तिच्यामागे लागतात, कारण जो ती मिळवील त्याला टोळीत बढती. त्याच जागेत एक माणूस मरून पडतो आणि आळ येतो वीस वर्षांच्या किर्यू काझुमावर. जागेची मालकीण शेवटी निघते ती आजोबांची वारस असलेली एक मुलगी. आपण मालक आहोत हे तिला ठाऊकही नसते.

तोतया मालक, न सापडणारे वारस, कोऱ्या कागदावरच्या सह्या यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोकणी माणसाला हे कथानक परके वाटायचे कारण नाही.

‘झिरो’ ज्या मालिकेचा भाग आहे, ती सेगा कंपनीची मालिका ८ डिसेंबर २००५ रोजी प्लेस्टेशन २ वर सुरू झाली. जपानी नाव ‘र्‍यू गा गोतोकु’. निर्माता तोशिहिरो नागोशी. जपानबाहेरच्या ग्राहकाचा विचारच न करता, जपानी प्रौढांसाठी, जपानी गुन्हेगारी जगाचा गेम काढायची त्याची कल्पना कंपनीने आधी फेटाळली होती. पहिल्या भागाच्या लेखनावर देखरेखीसाठी त्याने हासे सेइशू यांना बोलावले. काबुकिचोच्या अंधाऱ्या बाजूवर कादंबऱ्या लिहून नाव कमावलेला हा लेखक. कामुरोचो ही शिंजुकूतल्या त्याच काबुकिचोची नक्कल आहे: तशीच लाल कमान, तसाच नाट्यगृहासमोरचा चौक, आणि ‘डॉन किहोते’ हे दुकान तर खऱ्या नावानिशी.

शहरात मोकळे हिंडण्याचे बहुतेक गेम आपला नकाशा किती मोठा याची फुशारकी मारतात. कामुरोचो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला दोन-तीन मिनिटे पुरतात. पण मालिकेने त्या गल्ल्या एकामागून एक भागात पुन्हा वापरल्या. काळ पुढे सरकतो तशी दुकाने बदलतात. १९८८ ची ती रिकामी जागा जिथे होती तिथे पुढे ‘मिलेनियम टॉवर’ उभा राहतो आणि पुढच्या भागांतल्या काही मोठ्या मारामाऱ्या त्याच टॉवरमध्ये होतात. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये वस्ती अशी अंगवळणी पडत नाही.

कथा रडवेली, गंभीर. उपकथा मात्र वेड्या. एका मुलाच्या हातून नवा कोरा व्हिडिओ गेम कुणीतरी पळवतो. किर्यू पाठलाग करतो, तर चोराकडून तो दुसऱ्याने लाटलेला, त्याच्याकडून तिसऱ्याने, आणि साखळीच्या शेवटी निघतो त्या मुलाचा बापच. मधल्या वेळात किर्यू नूडल्स खातो, कॅराओकेत गातो, सेगाच्याच जुन्या यंत्रांवर खेळतो. तो कुणाचा जीव घेत नाही, असा मालिकेचा हट्ट. तो समोरच्याच्या डोक्यात सायकल घालतो तेव्हा या हट्टावर विश्वास ठेवणे जरा जड जाते.

जमिनीचा धागा सर्वांत ठळक होतो तो २००९ च्या तिसऱ्या भागात. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाणारा रस्ता आरे-वारेला डोंगरावर चढतो आणि खाली समुद्रालगत दोन लांबच लांब पुळणी उघडतात. पर्यटकांच्या गाड्या तिथे थांबतातच. तिसरा भाग खेळलेल्या माणसाला तिथून ओकिनावाचे ‘असागाओ’ आठवले नाही तर नवल. टोळी सोडलेला किर्यू अशाच एका पुळणीवर नऊ मुलांचे अनाथालय चालवतो. पहिले काही तास गोळी नाही, खून नाही: कुणाचे पैसे हरवलेत, कुणाला शाळेत चिडवतात, एक भटका कुत्रा पाळायचा की नाही. खेळाडूंनी या संथपणाबद्दल बरीच कुरकुर केली. मग कळते की अनाथालयाखालची जागा एका स्थानिक टोळीच्या मालकीची आहे, आणि त्या किनाऱ्यावर एकीकडे रिसॉर्ट, दुसरीकडे लष्करी तळ आणण्याचे राजकारण टोक्योत शिजते आहे. घर सोडण्याची नोटीस येते. इथे त्या संथ तासांचा हिशेब लागतो. आधी मुलांची नावे पाठ झाली नसती, तर नोटिशीचे काहीच वाटले नसते.

रेवस–रेडी सागरी महामार्गाची चर्चा आणि २०२३ चे बारसूचे रिफायनरीविरोधी आंदोलन पाहिलेल्या जिल्ह्यात यावर वेगळे भाष्य करायला नको.

मुंबईत तर जमिनीचे हे राजकारण गेमपेक्षा रोखठोक घडले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यात होरपळलेल्या कामगारांत रत्नागिरीकरांची संख्या मोठी. पुढे गिरण्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या आणि गिरणगावातल्या टोळ्या त्या व्यवहारांत उतरल्या. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भररस्त्यात खून झाला आणि त्याचा संबंध गिरणीच्या जमिनीशी जोडला गेला. जपानमध्येही जमिनीच्या तेजीत भाडेकरूंना हुसकावणारे दलाल टोळ्यांची मदत घेत. तिथे १९९२ पासून टोळीविरोधी कायदा लागू झाला. १९६३ मध्ये सुमारे १ लाख ८४ हजार असलेली टोळ्यांची माणसे २०२४ अखेर १८,८०० वर आली. गेमनेही ही ओहोटी टिपली आहे: २०२० च्या सातव्या भागातला नायक तुरुंगातून सुटतो तेव्हा त्याची टोळी त्याला ओळख देत नाही आणि तो योकोहामातल्या बेघरांत जाऊन पडतो.

मराठी मुलुखात असा गेम अजून नाही. ‘हिटमॅन २’ने २०१८ मध्ये मुंबई दाखवली, पण परक्या मारेकऱ्याला एका फेरीपुरती. मुंबईच्या गेमइऑन स्टुडिओने २०२० मध्ये ‘मुंबई गल्लीज’ची घोषणा केली. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ जगभर विकला गेला, म्हणजे कसब नाही असे कुणी म्हणू नये. अडते ते आकाराच्या हव्यासावर. अख्खी मुंबई उभी करायची गरजच नाही. लालबागच्या चार गल्ल्या, एक बंद गिरणी आणि चाळीच्या पुनर्विकासाची फाइल एवढे पुरेल.

मालिका प्रौढांसाठी आहे. घरातल्या लहानांच्या हाती देऊ नये. नव्याने शिरणाऱ्याने ‘झिरो’पासून सुरुवात करावी, आणि तिसऱ्या भागाला पोचल्यावर अनाथालयातले ते तास घाईने उरकू नयेत.