मधले घर

दिवाळीनंतर ताडकळसच्या शिवारात फेरफटका मारला तर काही आखाडे ओस पडलेले दिसतात. (शेतातला गोठा आणि त्याला लागून असलेली राहती खोप, यांना मिळून आमच्याकडे आखाडा म्हणतात, पहिलवानांचा तो वेगळा.) ऊसतोडीची उचल घेतलेली माणसे टोळीबरोबर कारखान्याकडे गेलेली असतात, ती पाडव्याच्या सुमारास परतावयाची. जाताना बैल बरोबर जातात, शेळ्या नातलगाकडे पोचतात, कोंबड्या विकल्या जातात. कुत्रे मात्र पुष्कळदा मागे राहते. कुणाला तरी 'भाकरी टाकत जा' असे सांगितलेले असते, आणि तो कुणीतरी आठपंधरा दिवस टाकतोही.

अशाच एका आखाड्यावरची कुत्री मार्गशीर्षात आमच्या घरी आली. काळी, कानाच्या टोकाशी तांबूस, अंगावर मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. लहानपणी गळ्यात बांधलेली सुतळी तशीच राहिली आणि गळा वाढत गेला. सुतळी मांसात रुतली होती आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. दाव्याला तिने अर्धा हात कुरतडले होते. तिच्या निमित्ताने आम्ही जे चुकलो आणि जे शिकलो ते येथे सांगावयाचे आहे. ते फार मोठे शास्त्र नव्हे. पण टाकलेले कुत्रे घरात आणणे आणि ते योग्य घरी पोचविणे यांच्यामध्ये जे चारसहा महिने असतात, त्यांविषयी आपल्याकडे क्वचितच बोलले जाते.

कुत्र्याविषयी आपल्या समाजात दया नाही असे कुणी म्हणू नये. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रे आहे. नामदेवांच्या हातची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा तर आमच्या भागातल्या लहान पोराला ठाऊक असते. नामदेवांचे नरसी हे गाव 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. पण या दयेची मजल बहुधा भाकरीपर्यंतच जाते. भाकरी टाकणारे हात गावात शंभर निघतील. जखम धुणारे, रात्री उठून पाहणारे आणि शेवटी त्या प्राण्यासाठी घर शोधणारे हात दोन निघणे कठीण.

सांभाळाची दुसरी एक परंपरा आपल्याकडे आहे, ती पांजरपोळाची. 1832 साली मुंबईत सरकारने बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी मंडळी चिडून रस्त्यावर आली आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आदी धनिकांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. ते काम थोरच. परंतु पांजरपोळ हे शेवटचे घर असते. तेथे गेलेला प्राणी बहुधा तेथेच राहतो. आम्ही म्हणतो ते मधले घर. बाळंतपणाला आलेल्या लेकीला अंगावर मांस येईपर्यंत ठेवून घ्यावयाचे आणि मग ओटी भरून पाठवावयाचे, तसा हा प्रकार आहे. पाठवणी करावयाची आहे हे पहिल्या दिवसापासून मनात असावे लागते.

पहिली चूक आम्ही पहिल्याच संध्याकाळी केली. उपाशी जीव म्हणून तांब्याभर दूध आणि दोन भाकऱ्या कुस्करून पुढे ठेवल्या. तिने त्या क्षणात संपविल्या, आणि रात्रभर ओकाऱ्या व हगवण यांनी ती अर्धमेली झाली. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी आम्हाला चांगलेच फैलावर घेतले. पुष्कळ दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले तर रक्तातल्या क्षारांचा, विशेषतः फॉस्फरसचा, तोल ढळतो आणि प्रसंगी हृदय बंद पडते. माणसांतही हेच घडते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेले कितीतरी लोक पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले. म्हणून पहिले काही दिवस थोडे थोडे, दिवसातून पाचसहा वेळा द्यावे आणि आठदहा दिवसांत हळूहळू वाढवीत पूर्ण आहारावर यावे. पाणी सतत समोर असावे. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. मऊ भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे थोडे शिजविलेले मांस हे चालते. आपल्या वरणा-भाजीतला कांदा व लसूण मात्र कुत्र्याला बाधतात, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि शिजविलेल्या कोंबडीचे हाड कधी देऊ नये, ते चिरफाळून आतड्यात घुसते.

गळ्यातली सुतळी भूल देऊन काढावी लागली. असे काम घरी विळा-कात्रीने करू नये, हे मुद्दाम सांगतो, कारण गावात तसे सल्ले देणारे फार. जखमेत रॉकेल ओतण्याचा सल्लाही आम्हाला तिघांनी दिला. त्याने अळीबरोबर मांसही जळते. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने या जिल्ह्याला तरी तज्ज्ञ दूर आहेत असे म्हणता येणार नाही. अंगावरच्या गोचिडांकडे लोक किरकोळ म्हणून पाहतात. पण त्यांच्यामुळे होणारा ताप कुत्र्याचे रक्त आटवून त्याला मारू शकतो. आलेल्या कुत्र्याला दोन आठवडे तरी घरच्या इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे, जंतांचे औषध द्यावे, आणि अंगात थोडी ताकद आली की रेबीजची लस व डिस्टेंपर, पार्व्हो यांची एकत्रित लस टोचून घ्यावी. पहिली कधी दिली होती की नव्हती हे ठाऊक नसेल तर एकत्रित लस तीनचार आठवड्यांनी पुन्हा द्यावयाची असते.

कुत्रे चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची, मांत्रिक यांत एक तासही घालवू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही असेच समजावे; लस मात्र वेळेवर घेतली तर तो वाचतो. 1885 च्या जुलैमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून हे जगाला माहीत आहे.

आजारी कुत्र्यामागे इतका खटाटोप ही हल्लीची, पोट भरलेल्यांची हौस आहे असे आम्हाला एका वडीलधाऱ्यांनी ऐकविले. त्यांना आम्ही बॉनची गोष्ट सांगितली. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे 1914 साली दगडाच्या खाणीत दोन माणसांचे सांगाडे आणि त्यांच्याबरोबर पुरलेले कुत्र्याचे पिल्लू सापडले. काळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेतीही सुरू झाली नव्हती तेव्हाचा. पुढे त्याचे दात तपासले तेव्हा असे दिसले की ते पिल्लू पाच महिन्यांचे असताना डिस्टेंपरने आजारी पडले होते आणि त्यानंतरही काही आठवडे जगले होते. त्या दुखण्यात कुणी पाणी पाजले नसते, ऊब दिली नसती, तर ते इतके जगते ना. शिकारीच्या उपयोगाचे ते तेव्हा नव्हतेच.

अंगाची जखम दीड महिन्यात भरली. मनाची भरावयास अधिक वेळ लागला. काळी (आम्ही तिला एवढेच म्हणत असू) भिंतीकडे तोंड करून बसे, रात्री सगळे निजल्यावरच खाई, आणि कुणी पायातली वहाण काढावयास वाकले तरी जागीच मुते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे म्हणून लोक येथे हात टेकतात. आमचा अनुभव निराळा आहे. तिला बोलावावयाचे नाही, कुरवाळावयाचे नाही, डोळ्याला डोळा भिडवावयाचा नाही; रोज ठरल्या वेळी, त्याच जागी, त्याच जर्मनच्या थाळीत अन्न ठेवावयाचे आणि तिच्याकडे पाठ करून दहा मिनिटे जमिनीवर बसून राहावयाचे, एवढेच आम्ही केले. अकराव्या दिवशी पाठीला ओले नाक लागले. गुरगुरले म्हणून कुत्र्याला मारू नये हेही याच काळात शिकलो. गुरगुरणे म्हणजे त्याने दिलेली सूचना. त्याबद्दल मार मिळाला तर ते सूचना देण्याचे सोडते आणि पुढच्या वेळी सरळ चावते. तिच्या गळ्यात मात्र आम्ही पुन्हा काही बांधले नाही. फिरावयास नेताना छातीवरून पट्टा घेत असू.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. होळीच्या सुमारास शेजारच्या गावातल्या एका व्यापाऱ्याने तिला मागितले. माणूस भला, घर खातेपिते. आमच्या मनावरचे ओझे उतरले, आणि त्या आनंदात आम्ही त्याच्या घरी जाऊन पाहिलेसुद्धा नाही. चौथ्या दिवशी सहज गेलो तर ती गोदामाच्या लोखंडी दाराला साखळीने बांधलेली, भिंतीकडे तोंड करून बसलेली, पाण्याचे भांडे कोरडे. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. कुत्रे बांधावयाचेच असते असे त्याला खरोखर वाटत होते, आणि आम्ही त्याला काही विचारलेच नव्हते. तिला घेऊन आलो. ती पुन्हा रात्रीच खाऊ लागली. तीन महिन्यांचे काम चार दिवसांत धुऊन निघाले, आणि ते आम्हीच धुतले.

वास्तविक कायद्यानेही हे बरे नव्हे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरल्यामुळे 1960 मध्ये जो प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला, त्याच्या अकराव्या कलमात नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरविणे, त्याला पुरेसे अन्नपाणी न देणे आणि विनाकारण प्राणी सोडून देणे हे गुन्हे म्हणून नमूद आहेत. पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! तेव्हा दंडाच्या भीतीने कुत्री सुखी होतील ही आशा व्यर्थ आहे. कुत्रे देणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवले पाहिजेत. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरची कुत्री दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना वाट मोकळी ठेवली, पण त्याबरोबर असेही बजावले की घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. आमच्या मते यातला दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा.

तेव्हापासून आम्ही घेणाऱ्या घरी आधी दोनदा जातो. दिवसा घरी कोण असते, कुत्रे निजेल कोठे, घरातल्या सगळ्यांना ते हवे आहे की एकट्या मुलाचा हट्ट आहे, भाड्याचे घर असल्यास मालकाची संमती आहे काय, हे विचारतो. पण खरी पारख एका प्रश्नाने होते : "तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तर?" ज्याच्याकडे याचे उत्तर तयार असते त्याच्या घरी कुत्रे टिकते. 'बघू तेव्हाचे तेव्हा' म्हणणाऱ्याला चहा पिऊन नमस्कार करावा. पाठवण्यापूर्वी शस्त्रक्रिया करून घ्यावी. कुत्रीचा गर्भकाल सुमारे नऊ आठवड्यांचा, वर्षाला दोन विती होऊ शकतात, आणि त्यातली बहुतेक पिल्ले पुन्हा कुणाच्या तरी आखाड्यावरच जातात. बरोबर लसीचे कार्ड आणि तिच्या अंगाच्या वासाचे गोणपाट द्यावे. सांभाळणे जमले नाही तर कुत्रे इतरत्र न सोडता आमच्याकडे परत आणावे, एवढी एक ओळ लिहून घ्यावी. पहिले आठपंधरा दिवस दार उघडे टाकू नये; नव्या घरातून पळालेले कुत्रे जुन्या वाटेने निघते आणि सडकेवर मरते.

काळीसाठी पूर्णा गावात असे घर मिळाले. निवृत्त झालेले रेल्वेतले गृहस्थ, त्यांची पत्नी, मागे अंगण. आम्ही प्रश्न विचारताच बाई म्हणाल्या, "आम्ही गेलो तर धाकटी जाऊ शेजारीच आहे, तिला विचारूनच ठेवलंय." दिवस ठरला. आणि त्याच आठवड्यात पाडवा झाला व ऊसतोडीची टोळी गावात परतली.

मालकाचा शोध आधी घ्यावयास हवा होता, ही आमची तिसरी चूक. कुत्री टाकलेली आहे असे आम्ही गृहीत धरले होते. सकाळी एक बाई आणि नऊदहा वर्षांचा मुलगा दाराशी उभे राहिले. बाईने गळ्यावरचा केस न उगवलेला पट्टा पाहिला आणि ती खालीच बसली. मुलगा रस्त्यावरूनच ओरडला, "सोने!" आम्ही चार महिने जिला काळी म्हणत होतो ती अंगणातून अशी धावली की थाळी उलटी झाली.

आम्ही म्हटले, तुमची आहे, घेऊन जा. बाई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गुर्जी, दसरा झाला की आमाला पुन्हा निघायचंच हाय. हिला कुणाच्या भरवशावर ठिवावं?" आमचाच प्रश्न तिने आम्हाला विचारला होता, आणि तिच्याजवळ उत्तर नव्हते, आमच्याजवळही नव्हते. मुलाने कुत्रीच्या मानेत तोंड खुपसले होते. त्याला तीन दिवस रोज येऊ दिले. चौथ्या दिवशी पूर्ण्याच्या जीपमध्ये तोही बसला, अंगण पाहिले, जावेचे घर पाहिले, गोणपाट कोपऱ्यात स्वतः अंथरले.

निघताना गृहस्थांनी कार्ड पुढे केले. त्यावर आम्ही लिहिलेले नाव खोडून त्या मुलाकडून 'सोनी' असे लिहून घेतले. दसऱ्याला टोळी निघण्यापूर्वी तो एकदा तेथे जाऊन येणार आहे.