रिकाम्या पुंगळीचं मोल

अमेरिकेत पिस्तूल नेमबाजीची फेरी संपली, की बरेच स्पर्धक आधी निशाण्याकडे बघतात आणि लगेच जमिनीकडे. पिस्तुलाने बाजूला भिरकावलेल्या पुंगळ्या वेचायच्या असतात. आपल्याकडे पुंगळी भेटते ती गुन्ह्याच्या बातमीत, पंचनाम्यातला पुरावा म्हणून. तिथे घरच्या घरी काडतुसं भरण्याचा छंद कायदेशीर आहे आणि या छंदाचा सगळा हिशेब या रिकाम्या पुंगळीपासून सुरू होतो.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली ठिणगीची टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि गोळी. गोळी निघून जाते, दारू जळून जाते, प्रायमर एकदाच पेटतो. मागे उरते ती पुंगळी. आणि नवी विकत घ्यायची म्हटलं, तर चौघांत बहुधा तीच महाग.

पण पितळच का? ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या मिश्रधातूला धातुशास्त्रात ‘कार्ट्रिज ब्रास’ असंच नाव पडलं आहे. या प्रमाणात पितळ कमालीचं ओढलं जातं. चपटी चकती दाबून वाटी आणि वाटी ओढून नळी करता येते. खरं काम मात्र गोळी उडताना होतं. ९ मिमी काडतुसात दाबाची मान्य कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,४०० पट. त्या क्षणी पुंगळीची पातळ भिंत फुगून नळीच्या कक्षाला घट्ट चिकटते आणि वायूंची मागे यायची वाट बंद होते. दाब उतरला, की तीच भिंत किंचित आकसते, म्हणून पुंगळी सहज बाहेर पडते. फुगणं आणि आकसणं, दोन्ही तितक्याच बेताने करणारा धातू सोपा नाही. पोलादाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त पुंगळ्याही निघतात. छंदी मंडळी त्या बाजूला काढतात. पोलादी पुंगळ्या ओळखायला साधं लोहचुंबक पुरतं.

प्रत्येक वेळी फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणावी लागते. या दाबादाबीने पितळ कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम होताना हातोडीच्या ठोक्यांनी भांड्याला जसा ताठपणा येतो, तसाच हा प्रकार. भांड्याला तो हवा असतो, पुंगळीला नको. कडक झालेल्या तोंडाला केसासारखी उभी चीर पडते आणि पुंगळी भंगारात जाते. म्हणून अनुभवी माणूस भरण्याआधी प्रत्येक पुंगळीचं तोंड उजेडात फिरवून बघतो.

पितळेच्या चिरांची एक जुनी गोष्ट थेट भारतातली आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं इथे पावसाळ्यात साठवून ठेवली, की न उडवताच तडकायची. ही साठवण अनेकदा तबेल्यांत असे. घोड्यांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि ओढकामात पितळेत राहून गेलेला ताण या तिघांनी मिळून ती चीर पडत होती. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी याची उकल केली. उपाय साधा निघाला: पुंगळ्या मंद तापवून आतला ताण घालवायचा आणि साठा कोरडा ठेवायचा. आजही पुंगळ्या घासायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नये, असं जाणकार बजावतात.

प्रायमरच्या निवडीत इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. त्याच्या दोन प्रमुख रचना १८६६ च्या सुमाराच्या. एक ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सरची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डनची. आज ब्रिटिश बॉक्सरची रचना अमेरिकेत चालते आणि अमेरिकन बर्डनची युरोपात व इतरत्र रुळली. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. त्यातून खिळा घातला, की वापरलेला प्रायमर टपकन बाहेर पडतो. बर्डनमध्ये भोकं सहसा दोन, तीही बारीक आणि मध्यापासून बाजूला, त्यामुळे खिळ्याला वाटच नाही. घरगुती भरणी अमेरिकेत एवढी फोफावली, त्याचं बरंचसं श्रेय या एका भोकाला द्यायला हवं.

दारूची निवड सर्वांत जोखमीची. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली. काळ्या दारूच्या ज्वलनात निम्म्याहून अधिक वजन घनरूपात, धूर आणि काजळी होऊन मागे राहतं. नवी दारू जवळपास सगळी वायू होते. ती किती वेगाने जळेल हे रसायनाइतकंच दाण्याच्या आकारावर आणि त्यावरच्या लेपावर ठरतं. पिस्तुलाची नळी आखूड, गोळी क्षणार्धात बाहेर पडणार, म्हणून इथे भराभर जळणारी दारू लागते. बारीक चकत्या किंवा गोलसर दाणे. अडचण अशी, की वेगवेगळ्या वेगाच्या दारू दिसायला सारख्या असू शकतात. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, हा या छंदाचा पहिला नियम.

०.३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात वेगळाच धोका दडलेला आहे. त्याची लांब पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली. आधुनिक दारूचा डोस तिच्या तळाशीच राहतो. चुकून दुप्पट पडला तरी मावतो आणि वरून चटकन कळतही नाही. दाबाची मर्यादा मात्र १७,००० पीएसआय, ९ मिमीच्या निम्म्याहून कमी. यावर शहाणी निवड म्हणजे फुगीर, जागा व्यापणारी दारू: दुप्पट पडली, तर पुंगळीबाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. वेगाच्या आकड्यांवर भाळणाऱ्यांपेक्षा असा विचार करणाऱ्याच्या हातची काडतुसं अधिक भरवशाची.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. ९ मिमीसाठी ११५, १२४ आणि १४७ ग्रेनच्या गोळ्या सर्रास मिळतात. काही स्पर्धांत गोळीचं वजन आणि वेग यांच्या गुणाकाराला किमान मर्यादा असते. ती गाठायला ११५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने जावी लागते, १४७ ग्रेनच्या गोळीला २६० मीटर पुरतात. जड गोळीला दारू कमी लागते, नळीतून सुटणाऱ्या वायूंचा धक्का घटतो आणि हात लवकर स्थिरावतो. त्यामुळे अनेक स्पर्धक जड गोळीच पसंत करतात.

महाराष्ट्रात काडतुसांचा मोठा कारखाना खडकीला १८६९ पासून आहे. घरी काडतूस बनवणं मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय गुन्हा ठरतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यातलं ०.२२ काडतूस तर पुन्हा भरण्याजोगं नसतंच. त्याला वेगळा प्रायमर नाही. पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि घोड्याच्या आघाताने ती कडच चेपते. त्यामुळे या प्रकारच्या नेमबाजांना निवड करायची असते ती तयार काडतुसांच्या लॉटची. एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट स्वतःच्या नळीतून झाडून बघायचे आणि ज्याच्या गोळ्यांचा निशाण्यावरचा गट सर्वांत घट्ट पडेल, तो घ्यायचा.