भेग कुठे आहे, ते आधी पाहा

पिलरच्या कोपऱ्याला लागून वरून खाली गेलेली एक उभी भेग. तिच्यापासून चार बोटांवर, पिलर आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे, दुसरी उभी भेग. दोन्ही हातभर लांब, दोन्हींत पोस्टकार्डाची कड कशीबशी शिरेल इतक्याच रुंद. सोसायटीच्या सभेत दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी दाखवले जातात आणि दोन्हींवर एकच इलाज ठरतो: खरवडा, पुट्टी भरा, वरून रंग मारा. यातली दुसरी भेग बहुधा निरुपद्रवी असते. काँक्रीट आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, सुकताना सारख्या आकसत नाहीत. सांध्यावर गिलाव्याखाली चिकन मेशची जाळी घातली नसली, की तो सांधा उघडा पडतो, एवढंच. पहिली भेग मात्र आतल्या सळईने पाडलेली असते आणि ती इमारतीचं वजन पेलणाऱ्या भागात असते. रुंदी मोजून या दोघींतला फरक कळत नाही. इमारतीच्या पाहणीत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न ‘भेग केवढी आहे’ हा असतो. त्याआधी ती कुठे आहे, कोणत्या दिशेने गेली आहे आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत वाढते, हे विचारलं तर निदान निम्म्याहून अधिक पुढे सरकतं. हे तिन्ही पुरावे रंगाच्या एका हाताने पुसले जातात, म्हणून निदानाआधी रंगरंगोटी करणं हा नुसता अपव्यय नव्हे, इमारतीचं नुकसान आहे.

पिलरच्या कोपऱ्यावरच भेग का पडते, ते जरा जवळून पाहू. ताज्या काँक्रीटमधल्या ओलाव्याचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, तिथल्या चुन्याशी त्याची प्रक्रिया होते आणि पीएच नऊच्याही खाली येतो. हा पट्टा सळईपर्यंत पोचला की तिचं संरक्षक कवच जातं. पुढे पाणी आणि प्राणवायू मिळाले की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. ती जागा त्याला मिळत नाही, म्हणून तो भोवतालचं काँक्रीट फोडतो. कोपऱ्यातल्या सळईला दोन बाजूंनी हवा लागते, त्यामुळे तिची पाळी आधी येते. भेग सळईच्या रेषेत, सरळ उभी जाते. पुष्कळदा तिच्यातून तपकिरी ओघळ उतरलेला असतो आणि हातोडीने हलकंच ठोकलं तर तेवढ्या भागाचा आवाज बद्द, पोकळ येतो. हा आवाज काही वेळा भेग दिसण्याच्याही आधी येतो. म्हणूनच पाहणीला आलेला अभियंता नुसता टॉर्च आणि कॅमेरा घेऊन फिरत असेल, तर त्याच्या हातात हातोडी का नाही हे विचारायला हरकत नाही.

हवेचा हा शिरकाव काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकतो. एखाद्या काँक्रीटमध्ये पहिले १० मिलिमीटर पार करायला ८ वर्षं लागली, तर २० मिलिमीटरला साधारण ३२ वर्षं लागतील. उलटं वाचलं तर हिशेब भयंकर आहे. सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर सगळे कव्हर म्हणतात, ते निम्मं झालं की आयुष्य निम्मं होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतं. ओतकामाच्या वेळी सळयांखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक वाचवले किंवा ते पायाने निसटले, तर त्याचा हिशेब तीस वर्षांनी असा चुकता होतो. समुद्राजवळच्या इमारतींत आणखी एक वाट आहे. खाऱ्या वाऱ्यातले किंवा नीट न धुतलेल्या खाडीच्या रेतीतले क्लोराइड सळईचं कवच जागोजागी भेदतात, आणि त्यासाठी पीएच खाली यावा लागत नाही. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथल्या दुरुस्तीत या दोन कारणांची फारकत न करता एकच मसाला थापला जातो, हे मला सर्वांत खटकतं.

भेगेची दिशाही अशीच बोलकी असते. सर्वांत वरच्या मजल्यावर, छताच्या किंचित खाली, भिंतीभर आडवी गेलेली चीर पाहून घरमालक गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला दोष देतो. मूळ कारण पुष्कळदा ऊन असतं. काँक्रीट दर अंश सेल्सियसला एक मीटरमागे साधारण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. १२ मीटर लांबीचा स्लॅब मे महिन्यातल्या दुपारी पहाटेपेक्षा २० अंशांनी तापला, तर तो जवळजवळ अडीच मिलिमीटरने लांबतो. खालची भिंत तितकी तापत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये ती चीर पडते आणि मग पावसाळ्यात तिच्यातूनच पाणी शिरतं. इथे गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप उपयोगी पडेल. चिरेत भरलेली पुट्टी पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा फाटेल. बीमच्या मध्यभागी तळाशी केसाइतक्या बारीक उभ्या रेघा दिसल्या, तर लगेच घाबरण्याचं कारण नसतं. काँक्रीट ताण सहन करत नाही, तिथे सळई काम करते, हे गृहीत धरूनच आरसीसीचं गणित मांडलेलं असतं. आयएस ४५६ हे भारतीय मानक सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेतं. त्याच बीमच्या टोकाशी, पिलरजवळ, तिरकी चढत गेलेली भेग मात्र कातर बलाची असू शकते. ती बारीक असली तरी त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावं. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग पायाकडे बोट दाखवते. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर भागातल्या काळ्या मातीवरच्या हलक्या बांधकामांत अशा भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसात बऱ्याच अंशी मिटतात, कारण ती माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. जानेवारीत एकदाच येऊन गेलेल्या माणसाला हे कसं कळणार?

ओलीच्या बाबतीत तर वेळ हाच मुख्य साक्षीदार. न्हाणीघराखालच्या छतावर बारा महिने एकसारखा डाग असेल, तर आधी पाण्याची नळजोडणी तपासावी, कारण तिच्यात दाब सतत असतो किंवा रोज ठरल्या वेळी येतो. सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर तासा-दोन तासांनी ओल वाढत असेल, तर संशय न्हाणी ट्रॅपवर आणि त्याच्या भोवतालच्या सांध्यावर. पाऊस सुरू झाल्यावर काही दिवसांनी गळायला लागलं आणि पाऊस थांबल्यावरही गळतच राहिलं, तर गच्चीवरच्या वीटतुकड्यांच्या कोब्यात पाणी साठलं असावं. तो भरायलाही वेळ घेतो आणि रिकामा व्हायलाही. फक्त वाऱ्याच्या पावसात, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या तळाशी ओल येत असेल, तर गच्चीवर लाखभर खर्चून काहीच साधणार नाही. तळमजल्यावर जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत एका रेषेत ओल चढलेली, वर लोणा फुटलेला, असं दिसलं तर पाणी जमिनीतून चढतंय. गच्चीवर पत्र्याची शेड घातली की सगळी गळती थांबते, असा एक लोकप्रिय समज आहे. शेड पावसाला अडवते. पाचव्या मजल्यावरच्या संडासाच्या पाइपला नाही.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञांकडूनच येतो. डोळे आणि हातोडी हे जुने प्रकार झाले, आता उपकरणं आहेत, आकडे घ्या आणि मोकळे व्हा, असं म्हटलं जातं. उपकरणं हवीतच, पण कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे ठाऊक असेल तरच. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, आणि त्यावरून काढलेल्या ताकदीत कमी-जास्त २५ टक्क्यांची चूक संभवते हे भारतीय मानकातच नमूद आहे. त्याहून गंमत अशी, की कार्बन डायऑक्साइडने आतपर्यंत बाधलेलं काँक्रीट वरून अधिक कठीण होतं. म्हणजे सळईचं संरक्षण गेलेला जुना पिलर या हातोड्याखाली जास्त गुण मिळवू शकतो! ध्वनिलहरींची चाचणी आतली पोकळी आणि भेगा दाखवते. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली गेला तर शंकास्पद, असा ठोकताळा आहे. गंजाबद्दल ती थेट काही सांगत नाही. त्यासाठी हाफ-सेल चाचणी लागते. तांबे-मोरचूद विद्युतअग्राच्या तुलनेत विभव उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा सर्वांत स्वस्त: नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर तो मारला की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, बाधित भाग रंगहीन राहतो. पण क्लोराइडने गंजलेल्या सळईभोवतीचं काँक्रीटही गुलाबीच दिसेल. तेव्हा चाचणी कुठे आणि कशासाठी करायची, हे आधी डोळ्यांनी केलेल्या पाहणीतूनच ठरतं.

दुसरा आक्षेप खिशाचा आहे आणि तो क्षुल्लक नाही. सभासदांकडे पैसे नसतात. जिथे पडलंय तिथे भरून घेऊ, पाच वर्षं निघतील, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण क्लोराइडने बाधलेल्या इमारतीत तो उलटतो. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. एकाच सळईचा गंजणारा भाग धनाग्र होतो आणि शेजारचा भाग ऋणाग्र होऊन काही काळ वाचतो. गंजलेल्या जागी नवा, अल्कधर्मी मसाला भरला, की तो तुकडा सुरक्षित होतो आणि शेजारच्या जुन्या, खारट काँक्रीटमधल्या भागाचं हे संरक्षण संपतं. पॅच मारलेल्या जागेच्या अगदी कडेला दोन-तीन वर्षांत नवीन पोपडे सुटतात ते यामुळे. कंत्राटदाराने फसवलं, असा निष्कर्ष निघतो. कधी ते खरंही असतं, पण कधी त्याने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं आणि सांगणाऱ्याचंच निदान चुकलेलं असतं.

तिसरा मुद्दा वयाचा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतींचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलं आहे. नियम चांगला आहे, पण त्यामुळे वय म्हणजेच आजार, असा समज झाला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. घाटकोपरची सिद्धिसाई इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली, १७ जण गेले, आणि चौकशीच्या केंद्रस्थानी होतं ते तळमजल्यावर चाललेलं फेरफाराचं काम. दुकान मोठं करायला काढलेली भिंत, प्लायवूडमध्ये गुंडाळलेला पिलर, फॉल्स सीलिंगमागे झाकलेला स्लॅब हे कुठल्याही वयाच्या इमारतीत घडू शकतं. आणि ऑडिटच्या दिवशी कुलूप असलेले फ्लॅट अहवालात ‘पाहणी होऊ शकली नाही’ या एका ओळीत संपतात. माझ्या मते ती ओळ असलेला अहवाल कमिटीने पूर्ण म्हणून स्वीकारूच नये.

राहिला अविश्वास. मुंबईत सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी इमारत. हा शेरा पुनर्विकासासाठी मिळवला जातो, असा संशय भाडेकरू आणि सभासद घेतात, आणि तो नेहमीच निराधार असतो असं म्हणता येणार नाही. दोन सल्लागारांचे अहवाल परस्परविरोधी आले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते, ही तरतूद त्यासाठीच आहे. पण संशयावर खरा उतारा अहवालातच मागता येतो. प्रत्येक भेग आणि ओलीची जागा नकाशावर दाखवलेली हवी, तिचं संभाव्य कारण लिहिलेलं हवं आणि दुसरी कारणं का वगळली तेही हवं. चाचण्या कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या पिलरवर केल्या, तेही हवं. चाळीस फोटो आणि शेवटी खर्चाचा अंदाज, एवढ्यावर कुणाचंही घर पाडायचं नसतं आणि वाचवायचंही नसतं.

बहुतेक सोसायट्या ऑडिट दिवाळीनंतर करून घेतात, कारण दुरुस्तीचा मोसम तेव्हा सुरू होतो. अभियंत्याची पहिली फेरी जुलै-ऑगस्टमध्ये ठेवा, दुसरी एप्रिल-मेमध्ये. तोवर घरातल्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा, तिच्यावर काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा आणि ओल कोणत्या दिवशी, किती वाजता दिसली त्याची वहीत नोंद ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे असं समजा, आणि रंगाचं कंत्राट देण्याआधी ती वही अभियंत्याच्या हातात द्या.