वेदना जाणवलीच नाही तर...

प्रतिनिधी

उंबऱ्याला पायाची करंगळी आपटते. तोंडून ‘आई गं’ निघते, पाय झटकन वर उचलला जातो आणि हात नकळत त्या बोटाकडे जाऊन ते चोळू लागतो. घरोघरी घडणारा हा प्रसंग. मात्र या दोन-तीन सेकंदांत शरीरात काय घडते, याचा उलगडा करण्यात शास्त्रज्ञांच्या अनेक पिढ्या खर्ची पडल्या असून हे काम आजही पूर्ण झालेले नाही.

पाय उचलला जातो तो मेंदूच्या आज्ञेने नव्हे. ठेच लागल्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचून तिचा अर्थ लागण्यापूर्वीच पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू परस्पर स्नायूंना आदेश देऊन मोकळा होतो. मेंदूकडे जाणारे संदेशही एकाच वेगाने जात नाहीत. साधा स्पर्श वाहून नेणारे मज्जातंतू जाड असतात व त्यांच्यावर मेदाचे आवरण असते. त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने धावतो. तीक्ष्ण कळ नेणारे तंतू त्याहून बारीक, त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. आणि मागाहून येणारा तो जीवघेणा ठणका ज्या आवरणहीन तंतूंतून प्रवास करतो, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे आपल्या चालण्याएवढाच. पायाच्या बोटापासून निघालेल्या ठणक्याला वर पोहोचायला सेकंदभर लागतो तो यामुळे. ‘आता दुखणार’ हे आधी कळते आणि मग खरोखरच दुखते, हा अनुभव कुणाला नाही?

दुखऱ्या जागी चोळल्याने बरे वाटते, हेही केवळ मनाचे समाधान नव्हे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ साली असा सिद्धांत मांडला, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते. स्पर्शाचे वेगवान संदेश मोठ्या संख्येने आले की ते दार काही अंशी लोटले जाते आणि वेदनेचे संदेश अडतात. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बरेच फेरफार झाले, तरी त्याचा गाभा टिकून आहे. पडलेल्या मुलाच्या गुडघ्यावर फुंकर घालून हात फिरवणाऱ्या आईला हा सिद्धांत ठाऊक नसतो, एवढेच.

उष्णता, दाब, चटका यांचे रूपांतर विजेच्या संदेशात नेमके कोण करते, हे कोडे मात्र बराच काळ सुटले नव्हते. ते सुटले मिरचीमुळे. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याला प्रतिसाद देणारे प्रथिन शोधून काढले. मज्जातंतूच्या टोकावरील हे प्रथिन म्हणजे एक सूक्ष्म झडप असून ती साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की उघडते. मिरची हीच झडप थंड असतानाच उघडते. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर तोंडाची आग होते असे आपण म्हणतो, ते अलंकारिक नाही. जीभ भाजत असल्याचाच संदेश मेंदूला मिळालेला असतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नसल्याने अशा वेळी तांब्याभर पाण्यापेक्षा वाटीभर दही अधिक उपयोगी पडते. पक्ष्यांमधील हीच झडप कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मजेत कुरतडतो. दाब आणि स्पर्श ओळखणारी प्रथिने आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने २०१० मध्ये शोधली. या दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

तात्पर्य, तिखट ही चव नव्हे, ती वेदना आहे. आयुर्वेदाने सांगितलेल्या षड्रसांत तिखट (ज्याला तेथे ‘कटु’ म्हणतात, मराठीतल्या ‘कडू’शी गल्लत नको) आणि तुरट यांना स्थान आहे. आधुनिक शास्त्र मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि ‘उमामी’ अशा पाच चवी मानते. उमामी ही जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली वर्णिलेली चव. तुरटपणा हा बहुतांशी तोंडातील स्पर्शाचा प्रकार. शालेय पुस्तकांतून अनेकांनी पाठ केलेला जिभेचा नकाशा, म्हणजे टोकाला गोड आणि मागे कडू, हा चुकीचा आहे. चव ओळखणाऱ्या कलिका जिथे आहेत, तिथे सर्व चवी कळतात.

पदार्थाची ‘चव’ म्हणून आपण जे वाखाणतो, त्याचा मोठा हिस्सा घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. सर्दी झाली की आमटी पाणचट लागते ती त्यामुळेच. गंध ओळखणाऱ्या जनुकांचा मोठा समूह रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये उजेडात आणला व २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. उंदरात अशी सुमारे हजार जनुके आहेत, माणसात त्यांपैकी कार्यरत अशी चारशेच्या आसपास. इतर संवेदनांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या ठाण्यावर थांबून पुढे जातात. गंध मात्र स्मृती आणि भावना यांच्याशी निगडित भागांत थेट शिरतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत असंख्य रुग्णांचा वास गेला आणि बहुतेकांचा परतही आला. विषाणू मुख्यतः गंधपेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, असे संशोधनातून दिसून आले.

तोल ही संवेदना तर पंचेंद्रियांच्या यादीतही नाही. कानाच्या आत परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. फुगडी थांबली तरी त्यांतील द्रव काही क्षण फिरत राहतो आणि घर फिरल्यासारखे वाटते. घाटात एसटी लागते ती निराळ्या कारणाने: हातातल्या वर्तमानपत्रावर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, कान सांगतो की वळणे चालू आहेत, आणि या दोन साक्षींचा मेळ मेंदूला लागत नाही. (प्रस्तुत प्रतिनिधीने हा प्रयोग अनेकदा स्वखुशीने नव्हे, पण केलेला आहे.)

पुन्हा वेदनेकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. ती नसतीच तर? उत्तर पाकिस्तानातील एका मुलाची हकीकत २००६ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रस्त्यावर खेळ करताना तो दंडातून सुऱ्या आरपार घालत असे, निखाऱ्यांवर चालत असे. संशोधक त्याला भेटण्यापूर्वीच, चौदाव्या वाढदिवशी छपरावरून उडी मारल्याने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नातेवाइकांत एका जनुकातील दोष आढळला. त्या दोषामुळे वेदनेचा संदेश तंतूतून पुढेच सरकत नव्हता. या शोधाने नव्या वेदनाशामकांच्या संशोधनाला चालना दिली. याच कुळातील दुसऱ्या एका झडपेवर काम करणाऱ्या, अफूवर्गीय नसलेल्या औषधाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

महाराष्ट्राला वेदनेच्या अभावाची ओळख फार पूर्वीपासून आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, ते ज्या कुष्ठरुग्णांसाठी, त्यांची बोटे झडतात ती रोगजंतू मांस खातात म्हणून, असाच सर्वत्र समज होता. बाबांप्रमाणेच १९१४ साली जन्मलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी तमिळनाडूतील वेल्लोर येथे काम करताना निराळेच कारण दाखवून दिले. जंतू मज्जातंतू निकामी करतात, संवेदना नाहीशी होते आणि मग चूल, कुलूप, खिळा, घट्ट चप्पल हेच हातापायांचा घास घेतात. काही रुग्णांची बोटे झोपेत उंदीर कुरतडत आणि त्यांना पत्ताही लागत नसे. वेल्लोरमध्ये रुग्णांना मांजरी पाळायला देण्यात आल्या.

पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे ब्रँड यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा घाट घातला. हातमोज्यांत दाब मोजणारी उपकरणे बसवली. धोका दिसताच प्रथम कानाशी आवाज, मग डोळ्यांसमोर दिवा, अखेर विजेचा सौम्य झटका. परंतु हवे ते काम उरकायचे असले की रुग्ण खुशाल यंत्रणा बंद करून ठेवत. खरी वेदना अशी बंद करता येत नाही, हीच तर तिची उपयुक्तता. प्रकल्प गुंडाळावा लागला.

बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. अंगावर फिकट वा लालसर, बधिर चट्टा हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणूनच दुर्लक्षिला जातो. मधुमेहातही पायांच्या बाबतीत असेच घडते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने लांबचे मज्जातंतू आधी दुबळे होतात, बधिरपणा बोटांपासून वर चढतो आणि चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचूनही कळत नाही. जखम दिसते ती चिघळल्यावर. तपासणी मात्र साधी आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘कळले का?’ एवढेच विचारतात. मधुमेहींनी ही तपासणी वर्षातून किमान एकदा करून घ्यावी आणि तळपाय रोज पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा ठेवून, असे डॉक्टर सांगतात. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून घ्यावी आणि आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे, हेही त्यातच आले.